व्याह्यांना घरी पोचवताना

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक काय मागायला येतील याचा नेम नसतो. बारशाच्या आधी नाव सुचवून घ्यायला येतात, लग्नाच्या आधी मंगलाष्टके रचून घ्यायला येतात, निवृत्तीच्या आधी मानपत्र लिहून घ्यायला येतात. एका गृहस्थांनी तर पाण्याच्या टाकीवर लावायची सूचना माझ्याकडून यमकात लिहून घेतली होती. (पाणी अजून वाया जातेच, यमक मात्र साऱ्या इमारतीला पाठ झाले आहे.) पण २०२२च्या दिवाळीत आमच्या शेजारच्या मावशींनी जी मागणी केली, तिच्यापुढे मंगलाष्टके म्हणजे पोरखेळ.

मावशी आमच्याच मजल्यावर राहत. वय ऐंशी. बिऱ्हाड रास्ता पेठेतले, म्हणजे १९२१ साली बांधलेल्या सुकथ शेलोमो या बेने इस्राएलांच्या प्रार्थनामंदिरापासून हाकेच्या अंतरावर. पुणेकराला ज्यू म्हटले की कॅम्पातले सासूनचे लाल देऊळ आठवते, पण ते बगदादहून आलेल्या श्रीमंत ज्यूंचे. मावशींचे लोक कोकणातले. शेकडो वर्षांपूर्वी अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. आडनावे पेणकर, दिवेकर, नवगावकर. मातृभाषा मराठी, तीही माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा शुद्ध. आमच्याकडून त्यांच्याकडे चकल्या जात, त्यांच्याकडून आमच्याकडे एलियाहू हन्नाबीच्या नावाने केलेला मलिदा येई. पोहे, ओले खोबरे, साखर आणि सुका मेवा यांचा हा मलिदा ज्याने खाल्ला नाही त्याने पोहे खाल्ले, असे मी म्हणणार नाही.

तर या मावशी पाडव्याच्या सकाळी आल्या आणि म्हणाल्या, ‘‘अरे मास्तर, तुझ्या त्या फोनात लग्नातली वाजंत्री सापडतील का रे?’’

मी म्हटले, ‘‘सनई हवी का, मावशी?’’

‘‘सनई कशाला? आमच्या व्याह्यांची वाजंत्री!’’

हकीगत अशी होती. मावशींचा मुलगा अश्दोदला असतो. त्याच्या मुलाचे, म्हणजे नातवाचे, डिसेंबरात लग्न ठरले होते आणि मुलगी होती रुमानियाहून आलेल्या ज्यू घराण्यातली. ‘‘गोरे आहेत रे व्याही,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘नातू सांगत होता, त्यांच्याकडचा तो कसलासा क्लेझ्मर बँड येणार. सगळे त्याच्यावर नाचणार, आणि मी बसणार मख्खासारखी कोपऱ्यात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू मला थोडं ओळखीचं करून दे. पण हे बघ, रडकं नको. उडतं हवं.’’

हे त्यांनी हसत सांगितले. पण जाता जाता दारात थांबून एक गोष्ट सांगितली, ती हसत सांगितली नाही. त्यांचे थोरले बंधू पन्नासच्या दशकात इस्राएलला गेले होते. तिथे १९६२च्या सुमारास काही धर्मगुरूंनी अशी शंका काढली की हे कोकणातले लोक पुरते ज्यू आहेत की नाहीत. तेव्हा यांच्याशी लग्न लावण्यापूर्वी यांच्या पूर्वजांची चौकशी झाली पाहिजे. घाण्यावर बसूनही ज्यांनी शनिवार मोडला नाही, त्यांची चौकशी! १९६४च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल मंडळींनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, त्यात हे बंधू होते. अखेर त्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असे जाहीर केले. ‘‘दादा आज हवा होता,’’ एवढेच मावशी म्हणाल्या आणि चकल्यांचा डबा घेऊन गेल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आले की हे काम टाकीवरच्या सूचनेसारखे उरकून चालणार नाही.

आता, मला संगीतातले कळते ते सवाई गंधर्व महोत्सवात शाल पांघरून मान डोलवण्याइतपत. क्लेझ्मर हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. जुन्या तबकड्यांचा नाद असल्यामुळे माझी पावले सवयीने रविवारी जुन्या बाजाराकडे वळली. तिथे फोनोच्या तबकड्यांचा ढीग मांडून बसलेल्या एका इसमाला मी विचारले, ‘‘क्लेझ्मर आहे का?’’ त्याने शांतपणे बोट दाखवले. ‘‘गीझर पलीकडच्या रांगेत. पण साहेब, कॉइल बघून घ्या.’’

घरी आल्यावर कन्येने बापाची कीव केली आणि यूट्यूब लावून दिले. मी ‘ज्यू संगीत’ असे शोधले. माझी पहिली चूक ती. समोर आली ती ‘शिंडलर्स लिस्ट’ या १९९३च्या चित्रपटातली इत्झाक पर्लमनची व्हायोलिनची धून. अप्रतिम आहे यात वाद नाही. मी ती मावशींना नेऊन ऐकवली. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली, पदराने डोळे टिपले आणि विचारले, ‘‘मास्तर, हे लग्नातलं की मयतातलं?’’

ज्याला हे संगीत शोधायचे आहे त्याला माझा पहिला सल्ला हाच. ज्यू म्हटले की जग आधी त्यांचे रडणे ऐकवते. आनंद ऐकायचा तर नेमके नाव घेऊन मागावा लागतो. ‘फ्रेलेख्स’ म्हणून मागावे. यिडिश भाषेत त्याचा अर्थच मुळी आनंदी. ‘बुल्गार’ म्हणून मागावे. ‘दोइना’ मात्र जपून. ती आपल्या आलापासारखी, तालाशिवाय चालणारी आणि काळजाला हात घालणारी. पण तिच्या शेपटाला बहुधा एक वेगवान नाच बांधलेला असतो, म्हणून तीन मिनिटे धीर धरावा. ‘होरा’ या नावाची त्यांची एक चाल लंगडत लंगडत, थांबत थांबत चालते. म्हातारी माणसे मांडवातून निघताना चालतात तशी.

पण मी खरा अडकलो तो शब्दात. (वाचकांना माझी ही खोड या सदरातून पुरेशी ठाऊक आहे.) क्लेझ्मर हा शब्द दोन हिब्रू शब्दांचा. ‘क्ले’ म्हणजे साधने, ‘झेमेर’ म्हणजे गाणे. गाण्याची साधने, म्हणजेच वाद्ये. पूर्व युरोपातल्या यिडिश बोलणाऱ्या ज्यूंमध्ये पुढे तो शब्द वाद्य वाजवणाऱ्या माणसाला लागला, आणि थोड्या तुच्छतेनेच लागला. त्या संगीतालाच क्लेझ्मर म्हणायची रीत तर १९७०च्या दशकानंतरची. आता आपल्याकडे पाहा. वाजंत्र म्हणजे वाद्य, ते वाजवणारा तो वाजंत्री, आणि मांडवात जे वाजते तीही वाजंत्रीच. सनईवाल्याला मांडवाबाहेर बसवून जेवायला शेवटच्या पंगतीत बोलावण्याची आपली जुनी चालही तशीच. मावशींना त्या सकाळी क्लेझ्मरसाठी ‘वाजंत्री’ हा शब्द सुचला, तो कोशात पाहूनही माझ्या हाती लागला नसता.

तिथून गाडी रुळावर आली. शनिवारी शब्बाथ संपला की मावशींकडे बैठक बसायची असे ठरले. शब्बाथ संपतो तो आकाशात तीन तारे दिसल्यावर. पण दिवाळीनंतरच्या पुण्याच्या धुरात एकही तारा दिसेना, तेव्हा मावशींनी घड्याळावर भागवले.

पहिल्या शनिवारी मी नेला नाफ्तुले ब्रांडवाइन. गॅलिशियातला, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या भागातला हा क्लॅरिओनेटवाला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात न्यूयॉर्कला गेला आणि १९२०च्या दशकात त्याने अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांवर जे वाजवून ठेवले आहे, त्याला तोड नाही. त्याला स्वरलिपी वाचता येत नसे म्हणतात. आपल्या बोटांची करामत दुसऱ्या वादकांनी चोरू नये म्हणून तो श्रोत्यांकडे पाठ करून वाजवी, असेही सांगतात. आपल्याकडच्या बुवा-खाँसाहेबांच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. आणखी एक आख्यायिका अशी, की अंगावर विजेचे दिवे लावलेला पोशाख करून तो रंगमंचावर गेला आणि घामामुळे शॉक बसून मरता मरता वाचला. हे खरे असो वा नसो, त्याचे वादन ऐकताना खरे वाटते. १९२३चा त्याचा ‘हेसर बुल्गार’, म्हणजे गरमागरम बुल्गार, लावला मात्र, आमचा फोन टेबलावरून खाली उतरतो की काय असे झाले. क्लॅरिओनेट हसते, मध्येच हुंदका देते, लगेच डोळे पुसून पुन्हा नाचायला लागते. या हुंदक्याला यिडिशमध्ये ‘क्रेख्त्स’ म्हणतात, म्हणजे कण्हणे. गणपतीच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर प्रभात बँड ज्याने थांबून ऐकला आहे, त्याला ही क्लॅरिओनेट परकी वाटणार नाही.

मावशी पोह्यांच्या डब्यावर ताल धरू लागल्या. दोनदा चुकल्या. मग मी बोटे मोजून दाखवली : आठ मात्रा, पण चार-चार अशा नव्हेत; तीन, तीन आणि दोन. ‘‘म्हणजे धावताना मध्येच चप्पल निसटते तसं!’’ मावशी म्हणाल्या आणि त्यांना ताल साधला. मी तीन पुस्तके वाचूनही इतके नेमके सांगू शकलो नसतो.

सुरांचे म्हणाल तर त्यांच्या एका आवडत्या स्वरावलीत रिषभ कोमल, गंधार शुद्ध, वर धैवत-निषाद कोमल. खाली भैरव आणि वर भैरवी, म्हणजे आपल्या वसंतमुखारीचीच ही पट्टी! माझ्या हिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘तरीच मघापासून काहीतरी ओळखीचं शिजतंय असं वाटतंय.’’ वास्तविक त्या वेळी आमटी लागत होती.

ब्रांडवाइनचीच दुसरी एक तबकडी आहे, ‘फिर्न दि मेखुतोनिम अहेम’. लग्न आटोपल्यावर पाहुण्यांना घरी पोचवताना वाजंत्री सोबत जात, त्या वेळची ही चाल. इंग्रजीत या नावाचे भाषांतर करताना लोकांची फार तारांबळ उडालेली दिसते, कारण ‘मेखुतोनिम’ला इंग्रजीत शब्द नाही. मुलाचे आईबाप आणि मुलीचे आईबाप यांचे एकमेकांशी काय नाते, याचा विचारच त्या भाषेने केलेला नाही. मराठीत मात्र एका शब्दात काम होते : व्याही. ‘व्याह्यांना घरी पोचवताना’. मावशींना हे नाव सांगितले तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की ती चाल आम्ही सलग सहा वेळा ऐकली. चाल संथ आहे, थोडी दमलेली आहे, पण तिच्यात जेवण चांगले झाल्याचे समाधान आहे. ‘‘विहिणीची पंगत म्हणून झाल्यावरचं गाणं हे,’’ मावशी म्हणाल्या. विहिणीला टोमणे मारणारी गाणी आपल्याकडे बायका म्हणत. त्यांच्याकडे ‘बादखन’ नावाचा एक यमके जुळवणारा इसमच त्या कामी नेमलेला असे, आणि तो आधी नवरीला रडवून मग सगळ्यांना हसवी. हा धंदा मला मानवला असता.

पुढच्या शनिवारांचा हिशेब थोडक्यात देतो. डेव्ह टारास हा ब्रांडवाइनच्या नंतरचा. स्वच्छ, घरंदाज वाजवणारा, स्वरलिपी वाचणारा. त्याची १९५०च्या दशकातली ‘तान्झ’ ही तबकडी अवश्य मिळवावी. एब श्वार्त्झच्या वाद्यवृंदाने १९१८मध्ये ‘श्टिलर बुल्गार’ वाजवला; त्याचीच चाल वीस वर्षांनी बेनी गुडमनच्या वाद्यवृंदातून साऱ्या अमेरिकेला नाचवीत गेली. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला खरखर सोसत नसेल तर १९९५चे पर्लमनचे ‘इन द फिडलर्स हाउस’ घ्यावे. मयतातले वाजवणारा तोच माणूस लग्नातही असा वाजवतो हे कळल्यावर मावशींनी त्याला माफ केले. अँडी स्टॅटमन आणि झेव फेल्डमन यांच्या १९७९च्या तबकडीत ‘त्सिंबल’ ऐकायला मिळते. ते दोन काठ्यांनी वाजवायचे, आपल्या संतूरचा सख्खा भाऊ. क्लेझ्मॅटिक्स मंडळी धांगडधिंगा करतात. मला आवडली, मावशींना नाही. जिओरा फाइडमनचे आम्हा दोघांनाही पटले नाही. फारच गोड, म्हणजे पुण्याच्या हिशेबाने भावगीत. खरखरीची आवड असणाऱ्यांसाठी विस्कॉन्सिन विद्यापीठाचा मेरेंट संग्रह आहे. जुन्या यिडिश तबकड्या तिथे घरबसल्या फुकट ऐकता येतात. फुकट म्हटल्यावर पुणेकराला आणखी काही सांगायला नको.

चौथ्या शनिवारी मावशींनी विचारले, ‘‘हे अमेरिकेला गेले त्यांचं झालं. तिकडंच गावात राहिले, त्या वाजंत्र्यांचं काय झालं रे?’’

त्याचे उत्तर दोघांनाही माहीत होते. दुसऱ्या महायुद्धात गावेच्या गावे गेली, त्यांत नवरेही गेले, नवऱ्याही गेल्या आणि वाजंत्रीही गेले. मी त्यांना मोइसेइ बेरेगोव्स्कीची गोष्ट सांगितली. कीवमधला हा संशोधक १९३०च्या दशकात गावोगाव हिंडून वाजंत्र्यांचे वादन मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित करीत असे. १९५० साली सोव्हिएत सरकारने त्याला अटक केली. पाच-सहा वर्षांनी तो सुटला आणि १९६१मध्ये वारला. त्याची नळकांडी युद्धात नष्ट झाली असे सगळे धरून चालले होते. १९९०च्या दशकात ती कीवच्याच राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली. माणसे गेली, वादन राहिले.

मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘त्यांचं मी शिकले. आता त्यांनी मला विचारलं, तुमचं काय ते वाजवा, तर मी काय वाजवू?’’

मी म्हटले, ‘‘तुमच्याकडे नवरदेव स्वतः गातो ना? ‘योनाती झिव’?’’ वधू आत येताना वराने हे हिब्रू गाणे म्हणायचे, ही बेने इस्राएलांची रीत मला ठाऊक होती.

‘‘गातो म्हणजे काय, आमचे हे गायले होते! हझानाने कानावर हात ठेवले होते.’’ मावशी हसल्या. आणि मग, मला काही कळायच्या आत, त्यांनी एक साकी सुरू केली. मराठी साकी! योसेफाच्या आख्यानातली. भावांनी विकलेला योसेफ, आणि तिकडे त्याच्या रक्ताळलेल्या झग्यावर हात फिरवणारा म्हातारा याकोब. साकीनंतर दिंडी. आवाज कापत होता, पण जागा एकही चुकली नाही.

‘‘हे कुठलं, मावशी?’’

‘‘बाबांच्या कीर्तनातलं. ते रेल्वेत होते, पण कीर्तनं करायचे. मी मागे टाळ घेऊन उभी.’’

वीस वर्षे मी वर्गात आख्यानकाव्य शिकवतो. मोरोपंत शिकवतो, साकी-दिंडीची लक्षणे फळ्यावर लिहितो. हिब्रूसोबत मराठी भाषांतर असलेली हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, १८७४ साली आमच्या पुण्यातच छापली गेली, हेही मी कुठेसे वाचले होते. पण १८८०च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्राएल मंडळींनी हरिदासांची कीर्तने ऐकून अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्यावर मराठी कीर्तने रचायला घेतली, आणि ती परंपरा माझ्या भिंतीपलीकडे राहते, याचा मला पत्ता नव्हता. रुमानियाच्या वाजंत्र्यांचा शोध मी महिनाभर घेत होतो. सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात मी शंभरदा गेलो असेन. आणि मधल्या रास्ता पेठेत राहून हे ऐकले नव्हते.

पुण्याला हे दुःख नवे नाही. भास्करबुवा बखल्यांनी १९११मध्ये इथे भारत गायन समाज काढला, १९२२ साली ते गेले, आणि त्यांच्या गाण्याची एक तबकडी मागे नाही. बुवा कसे गात हे ऐकणाऱ्यांकडून ऐकलेल्यांकडून आपण ऐकतो.

मी घाईघाईने फोन काढला आणि म्हटले, ‘‘मावशी, पुन्हा एकदा म्हणा.’’ नाही-होय करता करता त्या आमच्या घरी येऊन म्हणायला तयार झाल्या, कारण त्यांच्या खिडकीखाली रिक्षास्टँड होता. माझ्या हॉलमध्ये त्या पाठ ताठ करून बसल्या. साकी रंगात आली, याकोबाने झगा उराशी धरला, आणि नेमक्या त्याच क्षणी स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली. चांगली लांबलचक. मावशी थांबल्या नाहीत. शिट्टी संपेपर्यंत त्यांनी तो स्वर धरून ठेवला आणि मग पुढे गेल्या. संपल्यावर मी म्हटले, शिट्टी आली आहे, दुसऱ्यांदा घेऊ. त्या म्हणाल्या, ‘‘आता नाही. बाबा एका संध्याकाळी एकच कीर्तन करायचे.’’

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मावशी गेल्या. मी त्यांना दोन गोष्टी दिल्या : क्लेझ्मरच्या निवडक पंचवीस चालींची एक चिमुकली पेन ड्राइव्ह आणि वाटेत खायला चिवडा. परत यायचे तिकीट होते, पण मुलाने येऊ दिले नाही. दाराला अजून त्यांच्या हातचे कुलूप आहे.

नातवाने पुढे लग्नाची चित्रफीत पाठवली. बँड आहे, क्लॅरिओनेट आहे, आणि मोरपंखी पैठणी नेसलेल्या मावशी टाळ्या वाजवत आहेत. तीन, तीन, दोन, एकही न चुकता. शेवटी बँडने संथ चाल धरली तेव्हा त्या उठून विहिणीला काहीतरी सांगताना दिसतात. नातवाने कळवले की आजीने त्या चालीचे नाव सांगितले. विहिणीला ते माहीत नव्हते, नवरीच्या नव्वदीतल्या आजोबांना मात्र होते, आणि ते आजीचा हात धरून बराच वेळ काही बोलत राहिले. कोणत्या भाषेत ते नातवालाही समजले नाही.

आदल्या रात्री मेंदीच्या वेळी योसेफाची साकी लावली होती म्हणे. मोठे कर्णे होते. याकोब झगा उराशी धरतो तिथे सगळे व्याही दचकले. नंतर त्याच आजोबांनी विचारले की गाणे फारच सुंदर आहे, पण मध्येच वाजते ते वाद्य कोणते? मावशींनी काय उत्तर दिले, ते नातवाने लिहिलेले नाही.